पाच टाळ्या, तीन उड्या

दुपारचे अडीच वाजलेले असतात. पोषण आहाराची खिचडी पोटात गेलेली, वरचा पत्रा तापलेला, पंखा असलाच तर वीज गेलेली. तिसरीच्या वर्गात बाई फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडतात आणि समोर एकेक बोट वर येऊ लागतं. ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ ‘बाई, एकीला?’ ‘बाई, टोक करू?’ कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी पाच जण पेन्सिली घेऊन उभे राहतात. त्यांतल्या तिघांच्या पेन्सिलीला आधीच चांगलं टोक असतं. मुरलेल्या बाईंना हे लगेच कळतं. तहान फारशी कुणालाच लागलेली नसते. मुलांना फक्त उठायचं असतं.

सकाळपासून ती एका बाकावर बसून आहेत. आठ वर्षांच्या शरीराला जे हवं आहे ते मागण्याची परवानगी नाही, म्हणून ते पाण्याच्या आणि पेन्सिलीच्या नावाने मागितलं जातं. वर्गातच आणि शिकवणं न थांबवता रोज दहा-पंधरा मिनिटं मुलांना उभं करून, हातपाय हलवत शिकवावं, एवढी साधी सूचना या प्रश्नावर जगभर पुढे आलेली आहे. अनेक देशांनी ती राबवून पाहिली. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही खेळाची सांगड इतर विषयांशी घालून शिकवण्याची शिफारस आहे. तरी शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत किंवा संस्थेच्या बैठकीत हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. पोर्शन कधी संपवायचा? साठ पोरांच्या वर्गात उड्या कशा मारायच्या? खेळाचा तास आहे ना वेगळा? खेड्यातली पोरं तर दिवसभर हुंदडतच असतात. आणि शेवटी, ही सगळी परदेशी थेरं आहेत.

हे आक्षेप वाईट हेतूने घेतले जात नाहीत. घेणारी माणसं मुलांच्या काळजीनेच बोलत असतात. म्हणूनच त्यांना माहिती आणि आकडे पुढे ठेवून उत्तर द्यायला हवं. त्यांतल्या एका आक्षेपात खरोखरच वजन आहे, तेही मान्य करायला हवं.

सगळ्यात मोठ्या आवाजात मांडला जातो तो वेळेचा आक्षेप, तेव्हा सुरुवात तिथूनच. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास, 240 मिनिटं. त्यातली दहा मिनिटं म्हणजे चार टक्के. पण हा हिशेबसुद्धा आक्षेप घेणाऱ्यांना झुकतं माप देणारा आहे, कारण त्यात ही दहा मिनिटं अभ्यासातून वजा झाली असं गृहीत धरलंय. ती वजा होतच नाहीत. मुलं उभी राहून पाढेच म्हणत असतील, शुद्धलेखनच करत असतील, तर वजा काय झालं? आणि उरलेल्या 230 मिनिटांत मुलांचं लक्ष किती असतं, हा प्रश्न तर आपण विचारतच नाही. वेळापत्रकात तास भरतो, मुलाच्या डोक्यात तो भरतोच असं नाही. डब्याभोवती पेन्सिली घेऊन उभ्या असलेल्या त्या पाच जणांची वजाबाकी त्या वेळी चुकलेलीच असते.

हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या मॅथ्यू महार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एका शाळेतल्या 243 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वर्गांत शिक्षक रोज साधारण दहा मिनिटांचा, अभ्यासाशी जोडलेला हालचालीचा उपक्रम घेत. इतर वर्ग नेहमीसारखे चालत. उपक्रमाच्या वर्गांतली मुलं शाळेच्या वेळेत सरासरी 782 पावलं जास्त चालली. पण शिक्षकाच्या कामाचा आकडा वेगळाच आहे. तिसरी-चौथीच्या मुलांचं निरीक्षकांनी बसून निरीक्षण केलं, तेव्हा उपक्रमानंतर कामात लक्ष असण्याचं प्रमाण सुमारे 8 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ज्यांचं लक्ष सर्वांत कमी असायचं, त्या मुलांमध्ये ही वाढ 20 टक्क्यांची होती. आपल्याकडे ज्यांना ‘वर्गातली डोकेदुखी’ म्हणून शेवटच्या बाकावर पाठवतात, नेमक्या त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

नेदरलँड्समध्ये याच्याही पुढे जाऊन पाहिलं गेलं. बारा शाळांतली 499 मुलं, वय सरासरी आठ, दोन वर्षं. वर्षातले 22 आठवडे, आठवड्यातून तीनदा, 20 ते 30 मिनिटांचा गणिताचा आणि भाषेचा पाठ उभ्याने. मुलं जागेवरच हलकं जॉगिंग करत, आणि दोन त्रिक किती याचं उत्तर सहा उड्या मारून देत. शब्दाचं स्पेलिंग सांगताना प्रत्येक अक्षराला एक उडी. 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गणितात आणि स्पेलिंगमध्ये ही मुलं बसून शिकणाऱ्या मुलांच्या चार महिन्यांहून अधिक पुढे गेली होती. वाचनात मात्र फरक पडला नाही.

या विषयाचे समर्थक पुष्कळदा इथेच थांबतात, आणि ते चूक आहे. चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नॉर्वेत 57 शाळांतल्या दहा वर्षांच्या अकराशेहून जास्त मुलांवर सात महिने असाच मोठा प्रयोग झाला. एकूण मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. फक्त अंकज्ञानात जी मुलं सगळ्यात मागे होती, ती पुढे सरकली. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एकाच गटाने तीन-तीन वर्षांचे दोन प्रयोग केले. पहिल्यात, 2009 साली, मुलांचा अभ्यास सुधारलेला दिसला, पण वजनाच्या सरासरी वाढीत फरक आला नाही. दुसऱ्यात, 2017 साली, अभ्यासातही फरक दिसला नाही.

मग उरलं काय? बरंच उरलं. मुलांना वर्गात हलवलं म्हणून अभ्यास बुडाला, असं यांपैकी एकाही प्रयोगात आढळलं नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2010 साली शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांवरची 50 संशोधनं एकत्र तपासली. त्यांत मोजलेले 251 संबंध सापडले. त्यांतले निम्म्याहून किंचित जास्त अनुकूल होते, 48 टक्क्यांत फरक नव्हता, आणि प्रतिकूल होते अवघे दीड टक्का. ‘पोर्शन मागे पडेल, निकाल घसरेल’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला एवढा दीड टक्काच आहे. तेव्हा समर्थकांनी ‘गुण नक्की वाढतील’ असं आश्वासन पालकांना देऊ नये, आणि विरोधकांनी ‘गुण घटतील’ ही भीती घालू नये. पुराव्याने दोघांनाही तशी मुभा दिलेली नाही. पण यातली एकच चूक आज मुलांना भोवते आहे, आणि ती दुसरी.

मराठी शाळेत हे कसं दिसेल, हे एका जुन्या अडचणीवरून पाहता येतं. मराठीत संख्या उलट्या वाचल्या जातात. लिहिताना आधी पाच मग तीन, बोलताना आधी ‘त्रे’ मग ‘पन्न’. त्यामुळे पहिली-दुसरीतल्या कितीतरी मुलांच्या वहीत त्रेपन्नचे पस्तीस होतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला, तो याच अडचणीवरून. आता हाच घटक उभ्याने घेऊन पाहा. दशकाला डोक्यावर हात नेऊन टाळी, एककाला जागेवर उडी. बाई म्हणतात, त्रेपन्न! मूल क्षणभर थांबतं. कानावर आधी तीन पडलेत, पण आधी टाळ्या वाजवायच्या आहेत. पाच टाळ्या, तीन उड्या. ज्याने आधी तीन टाळ्या वाजवल्या, तो शेजारच्याकडे बघून स्वतःच हसतो आणि दुरुस्त करतो. पुढे पस्तीस, मग त्रेसष्ट, मग छत्तीस. चार-पाच मिनिटांत मुलांना धाप लागते, गाल लाल होतात, आणि कोण अडखळतंय हे बाईंना एका नजरेत दिसतं. वह्या तपासून हे कळायला दुसरा दिवस उजाडतो, तोवर चूक पक्की झालेली असते.

भाषेच्या तासाला ऱ्हस्व वेलांटीला खाली बसायचं, दीर्घ वेलांटीला टाचा उंचावून उभं राहायचं. बाई एकेक शब्द सांगतात: कवी, कविता, नदी, पाणी, दिवस. ‘कवी’ला वर आणि ‘कविता’ला खाली का, हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि अंत्य इकाराचा नियम सांगायला याहून चांगली वेळ कुठली? माध्यमिक वर्गात लघु-गुरू याच रीतीने घेता येतात. यासाठी साहित्य लागत नाही, ॲप लागत नाही, निविदा काढावी लागत नाही.

वर्ग लहान आहे, बाक जड आहेत, मुलं पन्नास-साठ आहेत, हे सगळं खरं आहे. पण वर सांगितलेल्या कुठल्याही कृतीत मूल आपल्या बाकाची जागा सोडत नाही. बसायला जेवढी जागा लागते, तेवढ्यातच उभं राहता येतं. गोंधळाची भीती पहिला आठवडाभर खरी ठरते. थांबण्याची खूण पक्की झाली की ती संपते, आणि आपल्या परिपाठाला ‘सावधान-विश्राम’ची सवय असलेल्या मुलांना ही खूण शिकवणं अवघड नाही. कुबडी घेऊन येणाऱ्या मुलासाठी उडीची जागा बाकावर दिलेल्या थापेने घ्यावी, आणि ती थाप साऱ्या वर्गाने घ्यावी, म्हणजे तो वेगळा पडत नाही.

‘खेळाचा तास आहे ना?’ या प्रश्नाला खरं उत्तर असं आहे की, बहुतेक ठिकाणी तो कागदावर आहे. 2018 च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या प्राथमिक शाळांपैकी केवळ 5.8 टक्के शाळांत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता. उच्च प्राथमिक शाळांत हे प्रमाण 30.8 टक्के. दोष एकट्या शाळांचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पट शंभरच्या वर असेल तरच, कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. पहिली ते पाचवीसाठी असा शिक्षक सांगितलेलाच नाही. ज्या वयात मूल सगळ्यात जास्त हलतं, त्या वयासाठी कायद्यानेच माणूस दिलेला नाही. आणि जिथे तास आहे, तिथे जानेवारी उजाडला की तो गणिताला दिला जातो, हे प्रत्येक पालकाने स्वतःच्या शाळेतही अनुभवलेलं आहे.

तास झाला तरी मैदानावर काय होतं? चेंडू ज्याच्या हातात, मैदान त्याचं. वर्गातली दहा-बारा चपळ मुलं खेळतात, बाकीची कडेला उभी राहतात, आणि सातवी-आठवीच्या मुली पायरीवर गोळा होऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या विद्यार्थ्यांची 2016 सालापर्यंतची माहिती तपासली, तेव्हा पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुलांचं प्रमाण जगभर 78 टक्क्यांच्या आसपास निघालं आणि मुलींचं 85 टक्क्यांच्या आसपास. भारतात मुलं-मुली मिळून हा आकडा 74 टक्क्यांजवळ आहे. रोज सरासरी एक तासाची दमवणारी हालचाल, हे संघटनेने सांगितलेलं माप. चारातली तीन मुलं त्याला पोचत नाहीत. वर्गातल्या हालचालीचं मोल इथे कळतं. तिथे संघ निवडला जात नाही, ‘तू नको’ असं कुणाला ऐकावं लागत नाही. पाच टाळ्या नि तीन उड्या सगळ्यांना सारख्याच असतात.

मात्र एक गोष्ट इथेच ठणकावून सांगायला हवी. दहा मिनिटांत एक तास भागत नाही. वर्गातली हालचाल ही मैदानाच्या जोडीला आहे, मैदानाच्या बदल्यात नाही. ‘आता वर्गातच व्यायाम होतो’ असं दाखवून कुणी क्रीडाशिक्षकाचं पद गोठवू पाहत असेल, किंवा शाळेचं मैदान लग्नाच्या मांडवाला नाहीतर बांधकामाला देऊ पाहत असेल, तर त्याला सगळ्यात आधी विरोध या उपक्रमाच्या समर्थकांनीच केला पाहिजे.

खेड्यातल्या पोरांना याची गरज नाही, हा समज फार खोल रुजलेला आहे. वावरात जाणारी, विहिरीवर पोहणारी, दोन किलोमीटर चालत शाळेत येणारी सडपातळ पोरं डोळ्यांपुढे असतात. या समजाला सगळ्यात ठाम उत्तर पुण्यातूनच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला बारीक भारतीय माणूस आतून चरबी वागवत असतो, आणि त्याची सुरुवात जन्माआधीच होते, हे त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांच्या आणि बाळांच्या अभ्यासातून 1990 च्या दशकापासून दाखवून दिलं आहे. 2016 ते 2018 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते एकोणीस वयाच्या दर दहा मुलांमागे साधारण एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्याच सर्वेक्षणात कृश मुलांची संख्या लठ्ठ मुलांपेक्षा कितीतरी मोठी होती. म्हणजे बारीक दिसणं हे निरोगी असण्याचं प्रमाणपत्र नाही. रक्तातली साखर उचलून वापरण्याचं काम स्नायू करतात, आणि चालते-हलते स्नायू ते अधिक करतात. तासन् तास बसवून ठेवलेल्या मुलाचे स्नायू त्या वेळी जवळपास सुट्टीवरच असतात. शिवाय खेडंही आता ते राहिलेलं नाही. पोरं जीपने आणि दुचाकीने शाळेत येतात, आणि संध्याकाळी पारावर बसून मोबाइल बघतात.

उपाशी मुलाला उड्या मारायला लावायच्या का, असाही एक प्रश्न विचारला जातो. तो कळवळ्याने विचारलेला आहे, त्यामुळे त्याचं उत्तरही सरळ द्यायला हवं. नाही, उपाशी मुलाला आधी खाऊ घालायचं. पोषण आहार वेळेवर आणि पोटभर मिळणं ही त्याआधीची अट आहे. पण दहा मिनिटांच्या हलक्या हालचालीने जेवलेल्या मुलाची शक्ती संपून जात नाही.

राहिला परदेशी थेरांचा मुद्दा. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांच्या प्रचारासाठी आयुष्य वेचलं, ही गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीची. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी गुरं चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्यामागून कुरणात गेली. एका जागी बसणं ही शिकण्याची अट आहे, असं त्या दोघींना कधी वाटलं नाही. त्याहून मागे जायचं तर वेदपाठशाळेत जावं. तिथे ऋग्वेदाचे स्वर मानेच्या हालचालीने आणि शुक्ल यजुर्वेदाचे हाताच्या हालचालीने पाठ करवून घेतात. शरीराने धरलेला स्वर स्मरणातून निसटत नाही, हे त्या गुरूंना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण सातारा जिल्ह्यातलं आहे. कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्गाचं रूपच बदललं. वर्गाच्या फरशीवर अंक, अक्षरं आणि आकृत्या आखल्या. मुलं बाकावरून खाली उतरली, जमिनीवर आली, एका आकड्यावरून दुसऱ्यावर चालत-उडत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 2015 सालच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात या कामाचं मोठं नाव झालं. मुलं हलती झाली की शिकणं बिघडतं, असं म्हणणाऱ्याने आधी हे उदाहरण खोडून दाखवावं. पण त्याच उदाहरणात एक इशाराही आहे. जिथे फरशी रंगवली आणि शिकवणं मात्र जुनंच राहिलं, तिथे ती रंगवलेली फरशीच राहिली. दोन पावसाळ्यांत रंग उडाला.

हा इशाराच त्या आक्षेपाकडे नेतो, ज्यात खरं वजन आहे. शिक्षक म्हणतात, आमच्यावर आणखी एक काम टाकू नका. निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, प्रत्येक दिनविशेषाचे फोटो. त्यात आता उड्यांचे फोटो. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की दुसऱ्यांपुढे चार इयत्ता एकदम असतात. हे गाऱ्हाणं शंभर टक्के खरं आहे, आणि ते ऐकून न घेता हा उपक्रम राबवला तर तो फसेल. हा अंदाज नाही, तसं घडलेलं आहे.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने 2005 साली आदेश काढला: पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला शाळेत रोज किमान 20 मिनिटं दमवणारी हालचाल मिळालीच पाहिजे. आदेश चांगला होता, सक्तीचा होता. काही वर्षांनी टोरांटोच्या 16 शाळांतल्या पाचवी-सहावीच्या हजारावर मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रं लावून पाहिलं. निम्म्याहून कमी मुलांना हा उपक्रम रोज मिळत होता. आणि सलग 20 मिनिटांची दमवणारी हालचाल केलेलं एकही मूल सापडलं नाही. एकही नाही. आदेश होता, वेळापत्रकात नोंदही होती. पण तो वर्गापर्यंत कसा उतरायचा, शिक्षकाला कुणी शिकवायचं, घेतो की नाही हे कुणी पाहायचं, याची घडीच बसलेली नव्हती. आपल्याकडे परिपत्रकाने काय होतं आणि काय होत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या गोष्टीचं आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून हे काम परिपत्रकाने सुरू होऊ नये. आपल्याकडे केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. तिथे एखाद्या शिक्षिकेने आपल्या वर्गात घेतलेला एक पाठ इतरांना उभं करून, त्यांच्याकडून करवून घेऊन दाखवावा. ऐकून हे येत नाही, चाळीस शिक्षकांनी स्वतः पाच टाळ्या नि तीन उड्या केल्यावरच येतं. प्रत्येकाने पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनच पाठ असे घ्यावेत, तेही जो घटक मुलांना कंटाळवाणा वाटतो त्याचे. पाढ्यांची उजळणी, शुद्धलेखन, नकाशातल्या दिशा. कॅन्ससच्या पहिल्या प्रयोगात एक बारीक गोष्ट नोंदली गेली होती. जे शिक्षक स्वतः मुलांबरोबर हलले, त्यांच्या वर्गातली मुलं जास्त हलली. जे स्वतः हलले नाहीत, त्यांच्या वर्गातली मुलं कमी हलली. आपल्याकडच्या प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट आली तरी बरंच साधेल. बालभारतीने शिक्षक हस्तपुस्तिकेत प्रत्येक पाठाखाली एक उभ्याने करायची कृती छापावी, म्हणजे रोज नवं काही शोधण्याचा भार शिक्षकावर पडणार नाही. आणि फोटो मागू नयेत, लिंक भरायला लावू नये, गुणांकन करू नये. केंद्रप्रमुखाने शाळेत आल्यावर मागच्या बाकावर बसून एक पाठ पाहिला, तर तेवढी देखरेख पुरे.

बहुवर्ग शाळेत तर ही पद्धत ओझं हलकंच करते. पहिलीची मुलं एककाच्या उड्या मारतात, त्याच वेळी दुसरीची टाळ्या धरून दशक-एकक करतात, तिसरीतला एक जण संख्या पुकारतो आणि चौथीची मुलं ती संख्या पाटीवर अक्षरी लिहितात. गुरुजी एकटेच असतात, पण चारही इयत्ता कामाला लागलेल्या असतात. द्विशिक्षकी शाळांतल्या कल्पक शिक्षकांना असं काही करणं नवीन नाही. त्याला ‘खेळ’ म्हणून हिणवलं जातं, म्हणून ते अधिकारी यायच्या दिवशी करत नाहीत, एवढंच. हे हिणवणं थांबलं पाहिजे.

शेवटी विनंती आहे ती पालकांना. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत हा अधिकार तुमच्या हातात आहे. पुढच्या बैठकीआधी एक दिवस, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, घड्याळ घेऊन तुमच्या मुलाच्या वर्गात मागे बसा. मूल एका वेळी सलग किती मिनिटं बाकावर बसून राहतं, ते मोजा आणि वहीत लिहा. सकाळचं वेगळं, खिचडीनंतरचं वेगळं. तो आकडा बैठकीत सगळ्यांपुढे वाचून दाखवा, आणि कुठल्या दोन तासांना मुलांना उभं करून शिकवता येईल हे बाईंना आणि गुरुजींनाच विचारा. ते सांगतील ते ठरावात लिहून घ्या, आणि त्यासाठी त्यांच्या अंगावरचं दुसरं कुठलं काम कमी करता येईल, तेही त्याच ठरावात लिहा.